बाईचा कागद

तिसगावच्या कापडवाल्याने ती नळी माझ्या टेबलावर ठेवली, पण ठेवण्याआधी प्रूफांचा गठ्ठा बाजूला सारून तिथे स्वतःचा रुमाल अंथरला. हातभर लांब बांबूची नळी होती. तोंडाला लाकडी बूच, बुचावर मेण, आणि सगळीवर हळदीकुंकवाचा इतका जाड थर की बांबूची पेरं नुसत्या बोटांनीच कळत होती.

"बादशहाचा कागद हाय," तो म्हणाला. "आमच्या घराला मान दिलाय त्यात."

"कसला मान?"

"बाजारात पहिलं पाल आमचं. आमचं कापड पसरल्याबिगर बाजार उघडत न्हाई."

"असं कागदात लिहिलंय?"

"लिवलेलंच असनार की."

तो कागद त्यांच्या घरात कोणी वाचलेला नव्हता. त्याने नाही, त्याच्या वडिलांनी नाही, आजोबांनीही नाही. दसऱ्याला नळी देव्हाऱ्यातून खाली येई, तिला हळदकुंकू लागे आणि ती परत वर जाई. बूच काढलं तर मान जातो, अशी घरात समजूत होती. त्यामुळे मान आहे याचा पुरावा हातात होता आणि तो पुरावा काय म्हणतो हे पिढ्यान् पिढ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

बाहत्तरच्या दुष्काळाचं ते वर्ष. नगरच्या एका चार पानी दैनिकात मी उपसंपादक होतो. बातम्या लिहिणं, तालुक्यांहून आलेल्या बातम्या दुरुस्त करणं, प्रूफं वाचणं आणि वेळ पडली तर एसटीने गावोगाव हिंडणं, हे सगळं एकाच माणसाकडे होतं. गुरांच्या छावण्या, पाण्याचे टँकर आणि खडी फोडण्याची कामं यांनी दोन पानं भरत. उरलेल्या जागेसाठी ओढाताण असे. कापडवाला आमच्या ओळखीचा होता, कारण दर दिवाळीच्या अंकात त्याची चौकटीतली जाहिरात असायची. पन्नाशीचा माणूस, स्वच्छ धोतर, काळी टोपी, बोलणं सावकाश.

नळी बाहेर काढायची वेळ त्याच्यावर आली होती ती बाजारामुळे. गावच्या पंचांनी आठवडी बाजार जुन्या वेशीतून उठवून एसटी थांब्यामागच्या मोकळ्या जागेत न्यायचं ठरवलं होतं. तिथल्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटायच्या होत्या.

"चिठ्ठीत आमचा नंबर शेवटाला आला तर?"

"तर शेवटाला बसायचं."

"शेवटाला मिरच्यावाले बसत्यात. गिऱ्हाईक खन हातात घिऊन शिंकाया लागल्यावर काय घेनार, कपाळ?"

पेपरात छापून आलं की पंच ऐकतील, असा त्याचा हिशेब होता. त्यासाठी बूच काढू द्यायलाही तो तयार झाला होता. कागद वाचून घेऊ आणि त्यात असेल ते छापू, असं मी सांगितलं. "असेल ते" हे शब्द मी उच्चारले होते, हे मला स्वच्छ आठवतं.

लिहिण्याआधी प्रथा डोळ्यांनी पाहावी म्हणून पुढच्या बाजाराच्या दिवशी तिसगावला गेलो. सकाळी आठच्या सुमारास वेशीत सगळी पालं उभी होती, गाठोडी सोडलेली होती, पण माल कोणी मांडला नव्हता. सगळे कापडवाल्याच्या पालाकडे बघत होते. तिथे एक वयस्क बाई आली. ती कापडवाल्याची बायको. तिने गाठोड्यातला एक हिरवा खण काढला, चटईवर पसरला, चारही कोपरे हाताने सारखे केले आणि मागे सरली. त्यासरशी बाजारभर मालाची पोती ओतल्याचा आवाज झाला.

शेजारच्या पालातली कासारीण मोठ्याने म्हणाली, "मालकीनबाई, खन सुनंनं पसरायचा असतो. का आता तुमीच सून झालात?"

"तू बांगड्या भर," बाई म्हणाली. "जिभंला आवर घाल."

"भरते की. सून आली की तिलाबी भरते. येनार हाय न्हवं?"

बाई घरी गेली.

सून माहेरी होती, ते कापडवाल्याने चहा घेताना सांगितलं. माहेर श्रीगोंद्याकडचं. बाप साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर कारकून. लग्नात जावयाला सोन्याचा गोफ घालायचं त्याने कबूल केलं होतं. पाऊस गेला, ऊस वाळला, कारखाना अर्धाच हंगाम चालला आणि गोफ राहिला. सून दिवाळीला माहेरी गेली, तिला आणायला कोणी गेलं नाही. भांडण झालं नाही की कोणी हात उचलला नाही. आमच्याकडे बाई टाकायची रीत तेव्हा एवढीच होती, आणायला जायचं नाही.

पालाच्या मागच्या बाजूला शिवणयंत्र होतं, त्यावर मेणकापड घातलेलं. ते सुनेने माहेराहून आंदण आणलेलं. खण घेतला की तिथल्या तिथे चोळी शिवून मिळे, म्हणून दोन वर्षांत गिऱ्हाईक वाढलं होतं. आता यंत्र झाकलेलं होतं आणि बायका खण घेऊन शिंप्याकडे जात होत्या.

"यंत्र तिला परत दिलं का?" मी विचारलं.

"गोफ आला की बघू," तो म्हणाला.

मी हे वहीत लिहून घेतलं नाही. बाजाराच्या बातमीशी त्याचा संबंध नाही, असं वाटलं.

कागद वाचणारे गृहस्थ भिंगारला राहत. तिथल्या लष्करी छावणीच्या कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. त्यांच्या घरात दोन पिढ्या मोडी वाचणाऱ्यांच्या होत्या आणि शाळेत त्यांनी दुसरी भाषा म्हणून फारसी घेतली होती. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायचो. त्यांनी हात धुतले, पळी गरम करून बुचाचं मेण मऊ केलं आणि बूच फिरवत फिरवत काढलं. कागद जाड होता, कडा कसरीने खाल्लेल्या. तो लगेच उलगडायचा नाही म्हणून त्यांनी दोन दिवस तो धोतराच्या घडीत ठेवला. तिसऱ्या दिवशी मी सायकलवरून परत गेलो.

"वर शिक्का आहे, चार ओळी फारसी आहे, खाली मोडी," ते म्हणाले. "निजामशाहीतला आहे, त्यात शंका नाही. पण मान वगैरे काही नाही यात. हा तंटा आहे."

"कोणाचा?"

"सासर-माहेराचा. दुसरा कोणाचा असतो?"

त्यांनी ओळ वाचायची, आजच्या मराठीत सांगायची आणि मी लिहायचं, असं दोन तास चाललं. पैठणकडचा एक कापडाचा व्यापारी दर आठवड्याला तिसगावच्या बाजारात येत असे आणि बाजाराच्या तोंडाची जागा त्याची होती. त्याने आपली मुलगी तिसगावच्या एका घरात दिली. आंदण म्हणून दोन बैलांवरचं कापड दिलं आणि ती जागाही दिली. पुढे सासरच्यांनी तक्रार काढली की कापड नदी उतरताना भिजलेलं होतं, विकण्याजोगं नव्हतं. मुलीला माहेरी घातलं. जागा मात्र ठेवून घेतली आणि तिथे धंदा चालू ठेवला. बाप नगरला दरबारात गेला.

"आता हुकूम ऐक," काका म्हणाले. चष्मा पुसून त्यांनी तो भाग दोनदा वाचला. "कापड घेतलं असेल तर कापडाला कापड परत करावं, मुलीच्या हातात. बापाच्या नाही, मुलीच्या. बाजाराची जागा तिची. पहिलं कापड तिच्या हातचं पसरावं, तोवर दुसऱ्या कोणी माल मांडू नये. सासरी नांदवली तर जागा त्या घरात राहील. नांदवली नाही तर जागा तिच्याबरोबर जाईल. यावर कुणी उजूर, म्हणजे हरकत, करू नये."

"म्हणजे पहिल्या पालाचा मान—"

"त्या घराचा नाही. सुनेचा. ती तिथे असेल तोवर त्या घराचा."

शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. जुन्या हुकुमांत नेहमी असते तशी ती ओळ होती. कचेरीने तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घ्यावी आणि असल कागद परत द्यावा. इथे कोणाला परत द्यावा तेही लिहिलं होतं. त्या बाईला.

"मग हा त्यांच्या देव्हाऱ्यात कसा?"

"एक तर ती परत नांदायला आली आणि येताना कागद घेऊन आली. नाही तर त्यांनी तिच्याकडून काढून घेतला. कागद यावर काही बोलत नाही. तूही आपल्या मनाचं लिहू नकोस."

त्यांनी स्वतः सगळ्याची स्वच्छ नक्कल करून दिली, फुलस्केपची दोन पानं, समास सोडून. ती मी नळीबरोबर आमच्या कचेरीत नेली.

कापडवाल्याला सगळं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तो नळीखालचा रुमाल सारखा करत बसला.

"पहिलं कापड पसरायचं, ते खरं हाय न्हवं?"

"खरं आहे."

"तेवढं छापा. बाकीचं घरातलं हाय."

"हुकूम सगळा एकच आहे."

"आवो, माझीबी सून माहेरी हाय. हे छापून आलं की लोक काय म्हनतील? आमाला म्हनतील ते म्हनतील. पन त्या पोरीचं नाव बाजारात जाईल. कुनाच्या लेकीबाळी अशा चवाट्यावर आनू नये, सायेब. आता न्हाई तर म्होरं आमी तिला आननारच हावोत."

त्यातलं काय खरं होतं आणि काय नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही. बोलताना तो खोटं बोलणाऱ्या माणसासारखा दिसत नव्हता.

संपादकांकडे गेलो. ते अग्रलेख लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "पाऊण कॉलम. उद्याच्या अंकात गेलं पाहिजे. काय ठेवायचं ते तू ठरव."

त्यामुळे काय ठेवायचं ते मी ठरवलं. व्यापाऱ्याची मुलगी काढली. आंदण काढलं. भिजलेलं कापड काढलं. नांदवली तर आणि न नांदवली तर, हे दोन्ही काढलं. पहिलं कापड "तिच्या हातचं" पसरावं यातले दोन शब्द काढले, तरी वाक्य कुठे तुटलं नाही. शिक्क्याचं वर्णन ठेवलं, कागदाची लांबी ठेवली, आजही ही प्रथा पाळली जाते हे ठेवलं. बातमीत एकही विधान खोटं नव्हतं. प्रूफ वाचताना एक वेलांटी तेवढी चुकलेली सापडली. ती दुरुस्त केली.

बातमी आली त्याला चार-पाच दिवस झाले असतील. दुपारी कचेरीत जाहिराती घ्यायच्या फळीपाशी एक म्हातारा आणि एक तरुण बाई येऊन उभी राहिली. म्हाताऱ्याच्या हातात छत्री होती, पाऊस नसताना. बाईच्या हातात आमचा अंक होता, बातमी वर येईल असा घडी घातलेला.

"हे तुमी लिवलं का?" तिने विचारलं.

"हो."

"यात बाईचं काय न्हाई."

"कोणत्या बाईचं?"

"कागदातल्या." ती हळू आणि नीट बोलत होती, पाठ करून आल्यासारखी. "मी त्या घरातली सून. घरात पुरुष मानसं बादशहाचा कागद म्हनत्यात. बाया बाईचा कागद म्हनत्यात. दसऱ्याला हळदकुंकू सुनंनं लावायचं, आधी बाईला, मग देवाला. सासूबाईंना त्यांच्या सासूनं सांगितलं, त्यांनी मला. मी इचारलं, कोन बाई? तर म्हनाल्या, असंल कुनीतरी, तू लाव."

म्हातारा म्हणाला, "मी हिचा बाप. हिचं म्हननं असं, की बाईचा कागद हाय तर बाईचं कायतरी लिवलेलं असनार. सोमवारी आमची बैठक हाय तिसगावात. दोन्हीकडची चार मानसं बसनार. ते म्हनत्यात फारकत घ्या, शिवायचं मिशन विसरा. आमी म्हनतो नांदवा. आमच्याकडं बोलायला काय न्हाई. गोफ न्हाई तर तोंडबी न्हाई."

"मिशन नसलं तरी चालंल, दादा," ती म्हणाली.

"का चालंल? तुझ्या हातावर चालत हुतं त्यांचं दुकान."

मग ती माझ्याकडे वळली. "आनखी काय लिवलेलं हाय का त्यात?"

काकांनी केलेली नक्कल त्या वेळी माझ्या टेबलाच्या खणात होती. फळीपासून टेबल चार पावलांवर.

मी म्हणालो, "जुनी भाषा आहे. सगळी लागत नाही."

ती बातमीकडे बघत राहिली. म्हातारा माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "पंधरा वर्सं काट्यावर बसतोय मी, सायेब. गाडीचं अर्धंच वजन लिवलेलं मला लांबनं कळतं."

"दादा, चला," ती म्हणाली. मला म्हणाली, "लागलं तर कळवा." आणि अंकाच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने पत्ता लिहून तो तुकडा फाडून दिला. कारखान्याची वसाहत, खोलीचा आकडा.

त्या वेळी मी तसं का बोललो याची कारणं मी पुढे बऱ्याचदा जुळवून पाहिली. खरं सांगायचं तर बातमी कापल्याचं कबूल करावं लागलं असतं. मग कोणी कापली हा प्रश्न आला असता. तिचं नाव चवाट्यावर येऊ नये हे कारणही हाताशी होतं, पण ती स्वतः येऊन विचारत असताना ते लागू पडत नव्हतं. सोमवारपर्यंत चार दिवस होते. एसटी होती, पोस्ट होतं. त्या चार दिवसांत मी एका छावणीची पाहणी केली, तिची बातमी दिली आणि ती चांगली झाली.

पुढच्या आठवड्यात कापडवाला आला. नळी त्याने आधीच परत नेली होती. या वेळी जाहिरात घेऊन आला होता, नव्या जागेतल्या पहिल्या बाजाराची. पंचांनी पेपर वाचून एकमताने तोंडाची जागा त्याला दिली होती. चिठ्ठीत त्याचं नाव टाकलंच नाही.

"आन दुसरंबी मिटलं," तो म्हणाला. "फारकत झाली. दोन्ही बाजूंनी कुनी काय मागायचं न्हाई. लई ताणलं न्हाई पोरीनं. तिचा मामा म्हनाला, नळी आना, कागद वाचा चार मानसांत. तर तीच म्हनाली, राहू द्या, पेपरवाल्यांना इचारलं मी, त्यांना लागत न्हाई म्हनाले. मग कोन काय बोलनार?"

मी जाहिरातीचा मजकूर तपासत होतो.

"तुमी बरं सांभाळलंत," तो म्हणाला. तो मनापासून आभार मानत होता.

भिंगारच्या काकांकडे अंक जात असे. मी त्यानंतर दुसऱ्या एका कागदासाठी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी पाणी दिलं, बसायला दिलं आणि कात्रण माझ्यासमोर ठेवलं.

"मी वाचून दिलं ते हे नाही," ते म्हणाले.

"जागा कमी होती."

"जागा त्या बाईची होती." मग म्हणाले, "डोळ्यांना त्रास होतो आता. कागद दुसऱ्या कोणाकडून वाचून घे."

डोळ्यांना त्रास होत नव्हता. त्यानंतरही ते इतरांचे कागद वाचत, ते मला माहीत होतं.

आमच्या पेपरात दुरुस्तीची चौकट असे. बाजारभावात कांद्याचा दर चुकला, कोणाच्या निधनाच्या बातमीत वय चुकलं, तर दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापली जाई. ती चौकट बहुतेक वेळा मीच लिहीत असे. या बातमीची दुरुस्ती मी दोनदा लिहिली. पहिली तीन ओळींची, दुसरी अकरा ओळींची. तीन ओळींत सगळं मावत नव्हतं आणि अकरा ओळींची दुरुस्ती म्हटल्यावर संपादकांनी का म्हणून विचारलं असतं. दोन्ही फाडल्या.

बाजाराच्या नव्या जागेत मी एकदाच गेलो, कामासाठीच. तोंडाला कापडवाल्याचं पाल, वर नवी ताडपत्री. यंत्रावर पगारी शिंपी बसवला होता. हिरवा खण पसरायला अजून कापडवाल्याची बायकोच येत होती. वाकताना आता तिला गुडघ्यावर हात ठेवावा लागत होता. कासारीण या वेळी खाली बघून बांगड्यांचं गाठोडं सोडत होती. खण पसरून झाल्यावर ती बाई माझ्यापाशी थांबली.

"तुमीच वाचलावता न्हवं कागद?"

"वाचून घेतला होता."

"कोन हुती ती?"

"तुमच्या घरातली सून होती."

"ते ठावं हाय," ती म्हणाली, आणि निघून गेली. ते तिला कसं ठाऊक होतं, की नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाली, मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी बरा पाऊस झाला. ऊस उभा राहिला आणि गळीत हंगाम सुरू झाल्याची बातमी आणायला मला श्रीगोंद्याला पाठवलं. जाताना नक्कल बरोबर घेतली. पेन्सिलीने पत्ता लिहिलेला तुकडा तिच्यातच होता.

वसाहतीत खोली सापडायला वेळ लागला नाही. ती उंबऱ्याशी उजेडात बसून सदऱ्याला काजं करत होती. शेजारी सदऱ्यांची चळत, सगळे एका शिंप्याचे, नुसती काजं-बटणं करायला आलेले. तिने ओळखलं. म्हातारा पाळीवरून नुकताच आला होता, पाय धूत होता.

"लागला का कागद?" तिने विचारलं.

"लागला."

कधी लागला ते तिने विचारलं नाही. मी तेही सांगावं म्हणून आलो होतो. तोंडाशी आणून ठेवलेलं वाक्य मी बोललो. "तुम्ही आलात त्या दिवशीही लागलेला होता."

तिची सुई थांबली नाही. म्हातारा पाय पुसत आत आला, बसला. "वाचा," तो म्हणाला.

मी वाचलं. काकांनी लिहिलं होतं तसं सगळं. दोन बैलांवरचं कापड, भिजल्याची तक्रार, कापडाला कापड, मुलीच्या हातात. जागा तिची. नांदवली तर, आणि नांदवली नाही तर. शेजारच्या खोलीतून कोणीतरी दळण निवडल्याचा आवाज येत होता, तो थांबला, म्हणजे तिकडेही ऐकत होते. असल कागद बाईला परत द्यावा, या ओळीवर म्हातारा म्हणाला, "पुन्यांदा वाचा." मी पुन्हा वाचली.

"म्हंजी बैठकीत हे वाचलं असतं," तो म्हणाला, "तर त्यांना दोनातलं एक करावं लागलं असतं. हिला तरी ठिवायची, न्हाई तर जागा तरी सोडायची."

"हो."

"जागा त्यांनी सोडली नसती."

"नसती."

ती एक काज पुरं करून दोरा दाताने तोडत होती.

"मग ती बाई परत गेली का नांदायला?" तिने विचारलं.

"कागदात तेवढं नाही."

"गेली असंल," ती म्हणाली. "न्हाईतर पहिला खन सुनंनं पसरायची रीत ऱ्हायली नसती." तिने पुढचा सदरा ओढून मांडीवर घेतला, काजाची जागा बोटाने मोजली. "दोन दसरे मी तिला कुंकू लावलं. नाव न्हाई का लिवलेलं?"

"नाही. अमुक व्यापाऱ्याची मुलगी, एवढंच."

"ऱ्हाऊ द्या मग."

मी नक्कल पुढे केली. तिने हात पुसून ती घेतली, घडी उघडून अक्षर पाहिलं, चांगलं आहे म्हणाली, आणि बटणांच्या डब्यात तळाशी ठेवून दिली.

निघताना म्हातारा वसाहतीच्या फाटकापर्यंत येतो म्हणाला. चप्पल घालता घालता त्याने विचारलं, "आता तरी हे पेपरात येईल का? आता काय उपेग न्हाई, पन येईल का?"

"बघतो," मी म्हणालो.

सदऱ्यावरून मान न उचलता ती आतून म्हणाली, "दादा, त्यांना गाडी गाठायचीय. सोडा त्यांना."

गळीत हंगामाची बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आली. ते दुसरं छापून आलं नाही.